हिर्ता : एका ओसाड बेटाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. परंतु ज्या भूमीवर कधी राजधानी नव्हती, ज्या भूमीने एकही सेनापती दिला नाही आणि जिची लोकसंख्या दोनशेच्या आतबाहेरच राहिली, अशा भूमीलाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी साम्राज्यांच्या इतिहासाहून अधिक शिकवून जातो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या हिर्ता या बेटाचा इतिहास या जातीचा आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसांनी या खडकावर संसार केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे स्वतः अर्ज करून तेथून निघून गेली. ती का राहिली होती आणि का निघाली, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

स्थान आणि नाव

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या पश्चिमेस हेब्रिडीज नावाची द्वीपमालिका आहे. तिच्याही पलीकडे, सुमारे ६४ किलोमीटर उघड्या समुद्रात, सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका आहे. हिर्ता, सोए, बोरेरे आणि डून ही त्यातील चार मुख्य बेटे. त्यांच्या आजूबाजूला समुद्रातून सरळ वर आलेले सुळके असून त्यांना तिकडे ‘स्टॅक’ म्हणतात. स्टॅक आन आर्मिन नावाचा सुळका १९६ मीटर उंच आहे. मनुष्यवस्ती कायमची अशी फक्त हिर्तावर होती. या बेटाचे क्षेत्रफळ पावणेसात चौरस किलोमीटरच्या आत भरते. त्यावरील कोनाखेर हा डोंगर ४३० मीटर उंच असून त्याचा एक अंग तुटल्यासारखा थेट समुद्रात उतरतो. ब्रिटनमधील सर्वांत उंच सागरी कडे ते हेच.

गंमतीची गोष्ट अशी की, सेंट किल्डा नावाचा कोणी संत कधी होऊन गेल्याचा पुरावा नाही. जुन्या नकाशे काढणाऱ्यांनी कुठल्यातरी नावाचा अपभ्रंश करून ते कागदावर उतरवले आणि पुढे तेच रूढ झाले, असे अभ्यासक मानतात. बेटावरचे लोक मात्र आपल्या भूमीला हिर्ता असेच म्हणत. त्यांची भाषा गेलिक होती. कागदावरचे नाव बाहेरच्यांनी दिलेले आणि तोंडातले नाव आपले, ही स्थिती जगातील पुष्कळ लहान वस्त्यांच्या वाट्याला आलेली आहे.

जमिनीखालचा पुरावा

या बेटावर माणूस पहिल्याप्रथम केव्हा आला याचे उत्तर जमिनीत दडलेले आहे. डोंगराच्या उतारावर दगड फोडून काढल्याच्या प्राचीन खाणी सापडल्या आहेत. त्या दगडाची कुदळीसारखी पाती करून लोक जमीन उकरीत. अशी पाती शेतांच्या बांधांत आणि जुन्या भिंतींच्या भरावात आढळतात. २०१७ ते २०१९ या काळात गावाच्या परिसरात खोदकाम झाले, तेव्हा लोहयुगातील मडक्यांची खापरे हाती लागली. त्यावरून दोन हजार वर्षांपूर्वी येथे चांगली नांदती वस्ती होती, हे निश्चित झाले. शेजारच्या बोरेरे बेटावर तर उभे राहायलाही सपाट जागा मिळणे कठीण. तेथेसुद्धा २०११ च्या पाहणीत प्राचीन शेतीच्या पायऱ्यांसारख्या खुणा दिसून आल्या. पुढे नॉर्वेकडचे दर्यावर्दी लोक येथे आले. त्यांची आठवण बेटांच्या नावांत टिकून आहे. सोए या नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत ‘मेंढ्यांचे बेट’ असा होतो आणि त्या बेटावर आजही एका अतिशय जुन्या जातीच्या, काटक, तपकिरी मेंढ्या चरत आहेत.

पुराणवस्तू आणि लोककथा यांची गाठ कशी पडते याचे एक सुंदर उदाहरण गावातच आहे. एकोणिसाव्या शतकात जमीन खणताना एका शेतकऱ्याला दगडांनी बांधलेले लांबट भुयार लागले. ते लोहयुगातील असून बहुधा धान्य वा अन्न साठविण्यासाठी बांधलेले असावे. पण गावकऱ्यांना हा काळ कसा ठाऊक असणार? त्यांनी त्याला ‘पऱ्यांचे घर’ असे नाव दिले. आपल्याच पूर्वजांचे हात त्या दगडांना लागले होते, याचा विसर पडला होता. मात्र येथे आपल्या आधी कोणीतरी राहत होते, एवढी जाणीव त्या नावात शिल्लक होती. लोककथेला खोटी म्हणून फेकून देणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

बेटाच्या दुसऱ्या बाजूस ग्लेन मोर नावाची दरी आहे. तेथे दगडी बांधणीची एक जुनी वास्तू असून तिला ‘वीरांगनेचे घर’ म्हणतात. मार्टिन मार्टिन हा प्रवासी १६९७ साली हिर्तावर आला होता. त्याला लोकांनी सांगितले की, ही शूर स्त्री मोठी शिकारी होती आणि तिच्या काळी हिर्तापासून हॅरिस बेटापर्यंत कोरडी जमीन होती. त्या जमिनीवर ती आपले कुत्रे सोडून हरणांमागे धावत असे. आज तेथे अथांग पाणी आहे. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या माणसांनी एके काळी आपली भूमी जगाला जोडलेली होती अशी कल्पना करावी, यात नवल नाही.

दंतकथा आणि चालीरीती

बेटाचा मालक कोण, याचीही एक कथा आहे. हॅरिस आणि उइस्ट या दोन बेटांवरील लोकांत हिर्ताबद्दल वाद होता. ज्याच्या नावेतील माणसाचा हात आधी जमिनीला लागेल त्याचे बेट, असे ठरले. उइस्टची नाव पुढे गेलेली पाहून हॅरिसकडच्या मॅक्लाऊड घराण्यातील एका वीराने आपला डावा हात तोडून किनाऱ्यावर भिरकावला आणि बेट जिंकले, असे सांगतात. ही कथा इतरत्रही निरनिराळ्या नावांनी सांगितली जाते. तीत इतिहास एवढाच की, मॅक्लाऊड घराणे शतकानुशतके या बेटाचे जमीनदार होते. दरवर्षी त्यांचा कारभारी नाव घेऊन येई आणि खंड वसूल करी. हा खंड नाण्यांत नसे; पक्ष्यांची पिसे, तेल, लोकरीचे कापड, धान्य अशा जिनसांत तो द्यावा लागे.

दुसरी एक चाल पाहा. कड्याच्या टोकावर पुढे आलेला एक दगड होता. लग्नाची इच्छा असणाऱ्या तरुणाने त्या दगडाच्या अगदी कडेला एका टाचेवर उभे राहायचे, दुसरा पाय पुढे करायचा आणि वाकून मुठी त्या पायापर्यंत न्यायच्या. खाली समुद्र. जो हे करील तो बायकोमुलांना पोसण्यास लायक. बाहेरच्याला हा रानटी खेळ वाटेल. परंतु ज्या गावात कड्यावर उतरल्यावाचून चूल पेटत नाही, तेथे मुलीच्या बापाला जावयाची हीच परीक्षा महत्त्वाची होती.

अज्ञानातून आलेली भीतीही होती. १८४० साली स्टॅक आन आर्मिनवर काही माणसांना एक मोठा, उडता न येणारा पक्षी सापडला. तो ‘ग्रेट ऑक’ जातीचा होता. त्यांनी तो बांधून ठेवला. पण इतक्यात वादळ उठले. ही चेटकीण असून तिनेच वादळ आणले, अशी समजूत होऊन त्यांनी त्या पक्ष्याला ठार मारले. ब्रिटनमध्ये या जातीचा जिवंत पक्षी त्यानंतर दिसल्याची खात्रीची नोंद नाही, आणि थोड्याच वर्षांत ही जात पृथ्वीवरूनच नाहीशी झाली. मात्र तिचा खरा संहार इतर देशांच्या खलाशांनी आणि पिसांच्या व्यापाऱ्यांनी केला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

पक्ष्यांवर चालणारा संसार

एवढ्या लहान बेटावर माणसे खात काय होती, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. समुद्र जवळ असूनही मासे हे त्यांचे मुख्य अन्न नव्हते. तेथील पाण्यात नाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ. गावालगत ओट, जव आणि पुढे बटाटे पिकत. परंतु खारे वारे पीक झोडपून काढीत. गाई होत्या, मेंढ्या होत्या. तरीही त्यांचा खरा आधार कड्यांवर घरटी करणारे समुद्रपक्षी हाच होता. गॅनेट, फुलमार आणि पफिन हे तीन पक्षी म्हणजे त्यांचे धान्य, तेल, औषध आणि चलन. फुलमारच्या पोटातील तेल दिव्यात जळे आणि दुखण्यावर चोळले जाई. पिसे जमीनदाराकडे जात. मांस हिवाळ्यासाठी राखून ठेवले जाई. १८७८ पर्यंत फुलमार पक्षी संपूर्ण ब्रिटनमध्ये फक्त याच बेटांवर अंडी घालीत असे. तेव्हा त्याच्या बळावर उभा राहिलेला संसारही फक्त येथेच दिसावा, हे ओघानेच आले.

पुरुष अनवाणी पायांनी, कंबरेला दोर बांधून कड्यावरून उतरत. हा दोर घोड्याच्या केसांचा किंवा चामड्याचा वळलेला असे. तो घरातील सर्वांत मोलाची वस्तू मानला जाई आणि वारसाने मुलाकडे जाई. मार्टिनच्या काळी सबंध बेटाची मिळून एकच नाव होती आणि तीतही प्रत्येक कुटुंबाचा वाटा ठरलेला होता. कडेही कुटुंबांत वाटलेले असत. बाया दूध काढीत, सूत कातीत, डोंगरावरून जळणासाठी गवताळ मातीचे गठ्ठे पाठीवर वाहून आणीत आणि पफिन पकडीत. हिवाळ्यात पुरुष मागावर बसून लोकर विणीत.

मिळालेले अन्न टिकवायचे कसे? मीठ महाग आणि हवा सदा दमट. यावर त्यांनी काढलेला तोडगा आजही हिर्ताच्या डोंगरावर जागोजाग उभा आहे. चुन्यामातीवाचून रचलेल्या दगडांच्या भिंती आणि वर गवताळ मातीचे छप्पर, अशा या ठेंगण्या कोठारांना ‘क्लेट’ म्हणतात. दगडांच्या फटींतून वारा आत खेळतो, पण पावसाचे पाणी आत शिरत नाही. पक्षी, अंडी, गवत, जळण, दोर असे सारे या कोठारांत राही. एकट्या हिर्तावर अशी बाराशेहून अधिक कोठारे मोजलेली आहेत. त्यांचा आराखडा कोणी कागदावर काढला नव्हता. वारा आणि दगड यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले हे स्थापत्य आहे.

सकाळची सभा

या समाजाची सर्वांत लक्षणीय संस्था म्हणजे रोज सकाळी भरणारी पुरुषांची सभा. एकोणिसाव्या शतकातील पाहुण्यांनी तिला थट्टेने व कौतुकाने ‘पार्लमेंट’ असे नाव दिले. गावच्या एकुलत्या रस्त्यावर माणसे जमत. अध्यक्ष नाही, नियमावली नाही. ज्याला बोलायचे तो बोले. आज कड्यावर जायचे की मेंढ्या गोळा करायच्या, नाव पाण्यात घालायची की नाही, हे तेथे ठरे. कधी कधी चर्चेतच दिवस मावळे. पकडलेल्या पक्ष्यांचे ढीग करून कुटुंबांना वाटे दिले जात आणि म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना वगळले जात नसे.

यावर काही लेखकांनी स्वर्गीय समतेची वर्णने केली, तर काहींनी आळशी लोकांचा अड्डा म्हणून नाके मुरडली. दोन्ही मते बाहेरून आलेल्यांची आहेत. खरे पाहता वाटणीची ही पद्धत त्या जागेची गरज होती. आज माझा पाय घसरला तर उद्या माझ्या मुलांना कोण घालील, हा प्रश्न प्रत्येकाच्या दारात उभा होता. दोर धरणारा आणि दोराला लोंबकळणारा यांचा परस्परांवर विश्वास नसेल तर कड्यावरचे काम एक दिवसही चालणार नाही. त्या विश्वासाचेच रूप सकाळच्या सभेत दिसे. जगाच्या राजकारणाशी मात्र या सभेला काही कर्तव्य नव्हते. १७४६ साली पराभूत राजपुत्र चार्ल्स याच्या शोधात सैनिक हिर्तावर उतरले, तेव्हा लोक चाचे आले असे समजून गुहांत लपले. त्यांना बाहेर काढून विचारपूस केली असता राजपुत्र तर सोडाच, इंग्लंडच्या गादीवरील राजा जॉर्ज याचेही नाव त्यांनी ऐकले नव्हते, असे आढळून आले.

रोगांचा घाला

अशा एकाकी समाजाला सर्वांत मोठा धोका रोगराईचा. १७२७ साली देवीची साथ आली. हॅरिसला जाऊन तेथेच मरण पावलेल्या एका बेटकऱ्याचे कपडे परत आणल्याने ती आली, असे सांगत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडण्यासाठी स्टॅक आन आर्मिनवर उतरले होते. त्यांना परत आणायला नाव आलीच नाही, कारण नाव वल्हवायला माणसेच उरली नव्हती. त्या उघड्या सुळक्यावर पक्षी खाऊन त्यांनी सबंध हिवाळा काढला आणि १७२८ च्या मे महिन्यात कारभाऱ्याच्या नावेने त्यांची सुटका झाली. गावात परतल्यावर त्यांना बहुतेक घरे रिकामी दिसली. जमीनदाराने पुढे स्काय व हॅरिस येथून नवी कुटुंबे आणून बेट पुन्हा वसविले. १७६४ सालची एक शिरगणती २०१६ मध्ये उजेडात आली. तिच्यात ९० माणसांची नोंद आहे.

दुसरा घाला याहून चोरपावलांनी आला आणि अधिक काळ टिकला. जन्मलेले मूल चारपाच दिवस ठीक असे, मग त्याचा जबडा बसे, दूध ओढता येत नसे आणि आठवड्याभरात ते दगावे. लोक याला ‘आठ दिवसांचे दुखणे’ म्हणत. तो नवजात बालकांचा धनुर्वात होता. एकोणिसाव्या शतकातील काही दशकांत निम्म्याहून अधिक मुले अशी गेली. हे दुखणे देवाच्या इच्छेने येते, अशी समजूत होऊन बसली होती. नाळ कापण्याच्या वेळी होणारी अस्वच्छता, कदाचित नाळेवर लावले जाणारे पक्ष्यांचे तेल, अशी कारणे पुढे अभ्यासकांनी सुचविली. अँगस फिडीस नावाचे धर्मोपदेशक १८८९ मध्ये बेटावर आले. जुन्या सुईणी आपली रीत सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा हे गृहस्थ स्वतः ग्लासगोला जाऊन बाळंतपणाचे व जंतुनाशकांचे ज्ञान शिकून आले आणि ते प्रत्यक्षात आणण्याचा त्यांनी पिच्छा पुरविला. १८९० च्या दशकात या दुखण्याचा कायमचा बंदोबस्त झाला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. जी माणसे शेकडो हातांच्या कड्यावर निर्भयपणे उतरत होती, ती आपल्या पाळण्यातील मुलाला वाचवू शकत नव्हती. त्यांच्यात बुद्धीची उणीव नव्हती; ज्यांनी वाऱ्याला कोठाराचे काम लावले त्यांना बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? उणीव होती ती बाहेर उपलब्ध झालेले ज्ञान त्यांच्या उंबऱ्यापर्यंत वेळेवर न पोचण्याची. एडिंबरो आणि ग्लासगो येथे नामांकित वैद्यकीय विद्यालये गजबजलेली असताना, त्याच देशाच्या एका टोकाला आया दर वर्षी तान्ही मुले पुरत होत्या. ज्ञान असणे आणि ते पोचणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे हिर्ताइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. शिवाय, उपदेश करून काम भागले नाही. उपदेशकाला आधी विद्यार्थी व्हावे लागले, हाही धडा लहान नाही.

जगाशी संबंध

१८३० साली नील मॅकेन्झी हे धर्मोपदेशक आले. त्यांनी वाचन, लेखन, अंकगणित शिकविण्यास आरंभ केला आणि लोकांना हाताशी धरून चंद्रकोरीसारखी नवी वस्ती उभारली. १८६० च्या वादळाने घरांची नासधूस झाल्यानंतर जमीनदाराने १६ नवी घरे बांधून दिली. त्यांवर जस्ताचे पत्रे होते. पहिल्या मोठ्या वाऱ्यात ते उडू लागले आणि दोरांनी बांधून ठेवावे लागले. जुनी जाड भिंतींची, गवताने शाकारलेली घरे काळोखी खरी, पण उबदार होती. सुधारणा करणाऱ्याने तेथील वाऱ्याला विचारले नव्हते.

१८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटीने पर्यटक येऊ लागले. त्यांनी मिठाई आणली, पैसे आणले आणि पडसेही आणले. बोट येऊन गेली की गावभर खोकला पसरे. लोक अंडी, हातमोजे, लोकरी कापड विकू लागले. ज्यांना कधी नाण्याची गरज नव्हती त्यांना आता चहा, साखर, पीठ लागू लागले. हे वाईट झाले असे म्हणणे सोपे आहे. परंतु गोड चहाचा घोट आपल्याला हवा आणि बेटकऱ्यांनी मात्र आपल्या मनोरंजनासाठी पक्ष्यांच्या रश्श्यावरच राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

उन्हाळा सोडला तर आठ-नऊ महिने जगाशी संबंध तुटे. १८७७ च्या जानेवारीत एक ऑस्ट्रियन जहाज येथे फुटले व नऊ खलाशी गावात अडकले. तुटपुंज्या साठ्यातून गावाने त्यांना पोसले. जॉन सँड्स नावाचा पत्रकार तेव्हा बेटावर होता. त्याने जहाजाच्या तरंगत्या कड्याला चिठ्ठी बांधून ती समुद्रात सोडली. नऊ दिवसांनी ती ऑर्कने बेटांवर लागली आणि मदत आली. यातूनच ‘टपाल-होडी’ची पद्धत निघाली. लाकडाच्या कोरीव तुकड्यात पत्र ठेवायचे, त्याला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचा आणि वायव्येचा वारा सुटला की ते समुद्राच्या स्वाधीन करायचे. पुष्कळदा ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पोचे. कधी नॉर्वेलाही जाई.

हात कमी पडले

बेट रिकामे होण्याची सुरुवात फार आधी झाली होती. १८५२ साली ३६ माणसे ऑस्ट्रेलियाला निघाली; त्यांतील बरीच प्रवासातच रोगाने दगावली. उरलेल्या गावाला एवढी मोठी तूट कधीच भरून काढता आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेची खोली उभी राहिली. मुलांना बाहेरून आलेले शिक्षक इंग्रजी शिकवू लागले. शिक्षणाने मुलांपुढे जग खुले झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र त्या जगात हिर्ताला जागा नव्हती. शिकलेल्या तरुणाला परत येऊन करण्यासारखे काही राहावे, अशी तजवीज कोणी केली नाही. ना दर महिन्याची बोट, ना डॉक्टर, ना नीटसा धक्का.

पहिल्या महायुद्धात बेटावर आरमाराची तुकडी व बिनतारी यंत्र आले. १५ मे १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने आधी इशारा देऊन गावावर ७२ गोळे डागले. यंत्र नष्ट झाले, घरांची पडझड झाली. प्राणहानी झाली ती एका कोकराची. युद्धकाळात मात्र नेमाने टपाल आले, सामान आले, मजुरी मिळाली. युद्ध संपताच हे सारे थांबले आणि तरुणांनी आपली वाट धरली. १९२० मध्ये ७३ माणसे होती. १९२८ मध्ये ३७ राहिली. आता नाव ओढायला, कड्यावर दोर धरायला, म्हाताऱ्यांच्या घरी जळण टाकायला पुरेसे हातच उरले नाहीत. वाटणीची जुनी रीत होती, पण वाटण्याजोगे मिळवणारे गेले. १९३० च्या आरंभी एक तरुण गरोदर स्त्री आजारी पडली. निरोप जाऊन बोट येईपर्यंत दिवसांमागून दिवस गेले आणि अखेर ग्लासगोच्या रुग्णालयात ती मरण पावली. बेटावरील परिचारिकेने लोकांशी सल्लामसलत केली. १० मे १९३० रोजी गावकऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की, आम्हांला येथून न्यावे.

२९ ऑगस्टच्या सकाळी ‘हेअरबेल’ या आरमारी जहाजात सर्वजण चढले. गुरे व मेंढ्या आधीच पाठविल्या होत्या. कुत्रे मात्र नेता आले नाहीत. ते बुडविण्यात आले. प्रत्येक घरात उघडलेले बायबल आणि ओटची छोटीशी रास ठेवून लोक दाराबाहेर पडले, असे सांगितले जाते. ज्यांच्या बेटावर एकही झाड नव्हते, त्यांतील कित्येकांना सरकारने वनखात्यात काम दिले. कड्यावरचे कौशल्य झाडे लावण्याच्या कामी कसे यावे? पगार, भाडे, दुकानाची उधारी या नव्या जगाच्या चालीरीती त्यांना प्रौढ वयात शिकाव्या लागल्या.

उपसंहार

१९५७ पासून ही बेटे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे आहेत. त्याच वर्षी तेथे लष्कराचे केंद्रही आले. १९८६ मध्ये निसर्गासाठी आणि २००५ मध्ये तेथील मानवी संस्कृतीसाठी त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रस्त्याकडेची काही घरे पुन्हा शाकारली गेली आहेत. बाकीच्यांच्या भिंती उभ्या आहेत. १९३२ साली सोएवरून आणलेल्या १०७ मेंढ्यांची प्रजा आता हिर्तावर मोकळी फिरते आणि शास्त्रज्ञ तिचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करीत आहेत. बेटावर जन्मलेली आणि १९३० मध्ये आठ वर्षांची असलेली अखेरची रहिवासी २०१६ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी वारली. तिच्याबरोबर हिर्ताची जिवंत आठवण संपली.

हिर्ताच्या दोन हजार वर्षांकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. समुद्र, वारा आणि कडे यांनी या समाजाला हरविले नाही. देवीने गाव जवळजवळ पुसून टाकले, तरी ते पुन्हा वसले. समाज मोडला तो, जेव्हा बाहेरचे जग गरजा वाढविण्यापुरते जवळ आले आणि सोयी देण्यास दूर राहिले तेव्हा. मिठाई वेळेवर पोचली, सुईणीची विद्या पोचायला पिढ्या लागल्या. शाळा आली, पण शिकलेल्याला घरी राहता येईल असा धक्का आला नाही. माणसे होती तेव्हा ज्या बेटाला डॉक्टर मिळाला नाही, त्याच्या रिकाम्या घरांना आज जगाचा मान आहे.

म्हणून गावाचा वा समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी केवळ पराक्रमाच्या कथांवर थांबू नये. आपल्या वस्तीत धान्य कशात साठवीत, नाव कोणाच्या वाट्याची असे, सुईण कोण होती, मुले किती जगत, शिकलेले कोठे गेले आणि परत का आले नाहीत, हे प्रश्न विचारावेत. ज्यांना याची उत्तरे ठाऊक आहेत ती माणसे अजून आपल्यात बसलेली आहेत, तोवर ती लिहून घ्यावीत.